मोडीच्या सोन्याचा हिशेब

जुना दागिना सराफाला विकताना जे मूल्य ठरते ते दागिन्याचे नसून त्यात अडकलेल्या शुद्ध धातूचे असते. घडणावळ, नक्षी किंवा तो कुणाच्या लग्नातला आहे यांपैकी काहीही त्या हिशेबात धरले जात नाही, आणि म्हणूनच व्यापारात अशा मालाला 'मोड' म्हणतात, म्हणजे मोडून, गाळून पुन्हा धातूच्या रूपाला नेण्यासाठी घेतलेला माल. खरेदीच्या वेळी दिलेली मजुरी आणि १ जुलै २०१७ पासून सोन्यावर लागू असलेला ३ टक्के वस्तू व सेवा कर या दोन्ही रकमा विकणाऱ्याच्या दृष्टीने गेलेल्याच असतात, आणि सराफ गाळणीच्या खर्चाबरोबर थोडा नफाही ठेवणार हे गृहीत असते. इथवर तक्रारीला जागा नाही. तक्रार सुरू होते ती एकच कपात दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घेतली जाते तेव्हा.

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्य पुनर्रचनेनंतर नांदेडमध्ये आला. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या या डोंगराळ भागात मोड विकली जाते ती बहुधा मृगाच्या सुमारास, बियाणे-खतासाठी, किंवा शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की. भाव चढला म्हणून दागिना मोडायला निघालेला माणूस येथे विरळा. गरज दाराशी येऊन उभी राहते तेव्हाच एकदाणी, बोरमाळ, पोहेहार किंवा मिनी गंठण फडक्यात बांधून पेढीवर जाते, आणि अशा वेळी काट्यावरचा आकडा कोणता व भाव कोणत्या कसाचा, हे विचारण्याइतके मन थाऱ्यावर नसते.

हिशेबाचे पहिले अंग वजनाचे. जुन्या घरांत दागिन्याचे वजन तोळ्यात सांगितले जाते. हा तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, तर आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात, त्यामुळे आजीने सांगितलेले अडीच तोळे हे आजचे २५ ग्रॅम नसून २९ ग्रॅमच्या वर जातात. त्याहून नाजूक प्रश्न लाखेचा आहे. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि आतून पोकळ असतात, ते चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते, आणि विकताना ही लाख, ओवणीचा दोरा, खडे व काळे मणी यांचे वजन वजा होणे न्याय्यच असते. मात्र ते अंदाजाने वजा करायचे की मणी फोडून, लाख जाळून, उरलेला पत्रा पुन्हा काट्यावर ठेवून, यावर विकणाऱ्याचे बरेच काही अवलंबून असते.

दुसरे अंग कसाचे, म्हणजे धातूत शुद्ध सोने शेकडा किती याचे. २४ कॅरेट म्हणजे चोख सोने, २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग, १८ कॅरेट म्हणजे ७५० भाग. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासून, उमटलेली रेघ ज्ञात कसाच्या सळईच्या रेघेशी आम्ल लावून ताडण्याची जुनी रीत अनुभवी हातात बरीच विश्वासार्ह असली तरी शेवटी ती नजरेचाच निवाडा असते. क्ष-किरणांवर चालणारे यंत्र, ज्याला बाजारात कॅरेट मीटर म्हणतात, क्षणात आकडा दाखवते, परंतु ते वरच्या पातळ थरापुरतेच वाचते. खात्रीची पद्धत आगीची: गाळलेल्या सोन्याचा लहानसा तुकडा चांदी व शिशासह विशिष्ट मुशीत तापवला की हीण शिशाबरोबर मुशीत शोषले जाते, चांदी नंतर आम्लात विरघळते, आणि मागे उरलेले चोख सोने तोलून जे प्रमाण निघते त्याला बाजारात 'टंच' म्हणतात.

गाळल्यावर कस घसरतो, ही सराफांची नेहमीची सबब सरसकट खोटी नाही. सांधे जोडण्यासाठी वापरलेला 'डाख' हा मूळ सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळावा लागतो, म्हणून त्यात तांबे-चांदीचे हीण अधिक घालत असत, आणि जितके सांधे अधिक तितका संपूर्ण दागिन्याचा कस खाली येत असे. पुढे 'केडीएम' म्हणून ओळखल्या गेलेल्या दागिन्यांत डाखात कॅडमियम आले. हा धातू सोने वितळण्याच्या कितीतरी आधीच वाफ होऊन उडतो, त्यामुळे तेथे गाळणीत वजन घटते, कस मात्र जवळपास टिकतो. (ती वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते, म्हणून हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमला मज्जाव आहे.) दागिना कोणत्या काळातला हेही पाहावे लागते, कारण जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटहून अधिक कसाचे दागिने घडवण्यास बंदी घातली आणि ती १९६६ मध्ये उठली, त्या मधल्या लग्नांतला एखादा दागिना आज ५८ टक्क्यांचा निघाला तर दोष सराफाचा असेलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील दुपदरी बोरमाळेची वाटणी होऊन तिचे दोन्ही पदर दोन जावांकडे गेले. मणी एकाच हाताने घडवलेले, प्रत्येक पदर दोऱ्यासह ३० ग्रॅमचा. पहिला पदर २०१४ च्या कोरड्या पावसाळ्यात दुबार पेरणीसाठी मोडला गेला. पेढीवर लाख आणि दोरा मिळून ८ ग्रॅम अंदाजाने वजा झाले व २२ ग्रॅम उरले. कसोटीवर कस ८० टक्के सांगण्यात आला आणि वजन १७.६ ग्रॅमवर आले. त्यातून 'गाळणीची घट' म्हणून आणखी ३ टक्के गेले. आणि शेवटी या उरलेल्या वजनाला भाव लावला गेला तो २२ कॅरेटचा. हिशेब इतक्या गोड शब्दांत समजावून सांगितला गेला की घरातील मोठ्या माणसांनी वर आभार मानले. चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम होती.

त्या हिशेबातील गोम शेवटच्या पायरीत आहे. ८० टक्के कस लावून २२ ग्रॅमचे १७.६ ग्रॅम केले, याचा अर्थ ते १७.६ ग्रॅम चोख सोने झाले, आणि चोख सोन्याला भाव २४ कॅरेटचाच लागला पाहिजे. त्याला २२ कॅरेटचा भाव लावणे म्हणजे आधीच काढून टाकलेले हीण दुसऱ्यांदा काढणे होय. या एका हातचलाखीने आणि घटीने मिळून चोख सोन्याचा मोबदला १५.६ ग्रॅमपुरता उरला, म्हणजे लाखेचा अंदाज व कस दोन्ही बरोबर मानले तरी सुमारे २ ग्रॅम गेले. कसाची कपात वजनात घ्यावी किंवा भावात घ्यावी, दोन्हीकडे नव्हे, इतके साधे सूत्र त्या दिवशी घरातील शिकलेल्या माणसालाही सुचले नाही, आणि तो माणूस प्रस्तुत लेखकच होता.

अशा युक्त्या नव्या नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सोनारकामातील अपहाराचे पाच प्रकार नावानिशी दिले असून त्यांत पहिला क्रमांक तुलाविषमाचा, म्हणजे काट्यातील लबाडीचा आहे. 'घट' या शब्दाकडेही जरा संशयाने पाहावे लागते, कारण घटलेले सोने सगळेच नाहीसे होत नाही: सराफ-सोनारांच्या दुकानांतला केर, राख आणि गटारातली माती धुऊन त्यातील सुवर्णकण काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या याच व्यवसायावर जगत आले, आणि तो केर फुकट मिळत नाही, तो विकत घ्यावा लागतो.

विकणाऱ्याने म्हणून एकूण रक्कम ऐकण्यापूर्वी तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत: लाख-खडे काढल्यानंतरचे निव्वळ वजन, टंच, आणि भाव, भावापुढे तो २४ कॅरेटचा की २२ चा, हेही लिहिलेले असावे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ९९९, ९९५, ९१६, ७५० व ५८५ या कसांचे कर न धरलेले भाव स्वतंत्रपणे जाहीर करते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाचे आकडे पाहून ठेवणे मोबाइलमुळे आता अवघड राहिलेले नाही. हॉलमार्क नसलेला जुना दागिना विकता येत नाही, ही अफवा खेड्यांत अजून फिरते आणि तिच्या धाकाने लोक पडत्या भावाला राजी होतात. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली सक्ती दागिने विकणाऱ्या सराफावर आहे, घरातील दागिना मोडणाऱ्यावर नाही. दागिना नवा असून त्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असेल तर तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळून घ्यावा, आणि नसेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात स्वतः कस तपासून घेता येतो. २०२२ मध्ये त्यासाठी चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क ठरवण्यात आले होते.

जुने द्या, नवे घ्या, घट शून्य, अशी जाहिरात असते तेथे नव्या दागिन्याच्या मजुरीचा दर आधी विचारावा, कारण सोडलेली घट बहुधा तिथेच वसूल झालेली असते. रोख रकमेच्या मोहातही पडू नये: व्यापाऱ्याने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास प्राप्तिकरात तो खर्च धरला जात नाही, म्हणून मोठ्या रकमेची रोखी देऊ करणारा सराफ बहुधा तो व्यवहार वहीत दाखवणार नसतो, आणि मग विकणाऱ्याच्या हातीही पावती लागत नाही. पैशाची नड थोड्या महिन्यांची असेल तर मोडण्यापेक्षा बँकेत तारण ठेवणे बरे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनी तारण सोन्याचा कस कर्जदारासमोर तपासण्याचे आणि एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन व मूल्य लिहून देण्याचे बंधन घातले आहे. मोडीच्या चिठ्ठीलाही याहून वेगळा नमुना लागत नाही.

बोरमाळेचा दुसरा पदर पाच वर्षांनी, लग्नकार्यासाठी, नांदेडच्या बाजारात मोडला गेला, तेव्हा मणी समोर फोडून लाख जाळण्यात आली आणि पत्रा २४.४ ग्रॅम भरला. गाळल्यानंतर पडलेली लगड २४.१ ग्रॅमची, टंच ८१.२, म्हणजे चोख सोने १९.५७ ग्रॅम, आणि त्यातून १ टक्का स्वतःसाठी ठेवून सराफाने २४ कॅरेटचा भाव लावला. पहिल्या पदराच्या धनीणबाईंना ही चिठ्ठी दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारले, की मग त्या वेळी लाख ८ ग्रॅम कशी भरली.