लेखकाचा आंतरजालावरील पत्ता

चंडीगडमधील सेक्टर २२ ही त्या नियोजित शहराच्या सुरुवातीच्या वस्त्यांपैकी एक. तेथे घरक्रमांक ठाऊक असला, की नवखा माणूसही नेमक्या दारी पोहोचतो. लेखकाच्या संकेतस्थळाचे कार्यही हेच आहे. परिचय, ग्रंथसूची, निवडक लेखन व संपर्क तेथे सहज सापडावेत. मजकूर युनिकोड देवनागरीत असावा, म्हणजे शोधणाऱ्यास तो मिळतो. मात्र पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवावा व त्याचे शुल्क वेळेवर भरावे. जिओसिटीज या मोफत सेवेनेही प्रारंभी पानांना वस्त्या व क्रमांक दिले होते. २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद झाली आणि असंख्य पाने त्या पत्त्यांवरून नाहीशी झाली. म्हणून लेखनाची एक प्रत स्वतःजवळही जपावी.

पाठगत प्रश्न : संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या नावावर का असावा?