ठिपक्यांची वाट

लॅपटॉप सहज उचलून नेता यावा म्हणून त्याचा पडदा लहान ठेवलेला असतो. नकाशे काढणारे, जुनी हस्तलिखिते वाचणारे किंवा लांबलचक कोष्टके मांडणारे लोक म्हणूनच त्याला बाहेरून मोठा पडदा, म्हणजे मॉनिटर, जोडतात. केबलचे एक टोक लॅपटॉपला व दुसरे मॉनिटरला लावले की काम झाले, अशी सर्वांची समजूत असते. चित्र उमटतेही, परंतु पुष्कळदा माउसचा बाण अडखळत चालतो आणि नव्या, महागड्या मॉनिटरला बोल लावला जातो. वास्तविक तो बिचारा बहुधा निर्दोष असतो!

पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. रांगोळीचे ठिपके जितके दाट, तितकी नक्षी रेखीव. तसेच येथेही आहे. 'फोर-के' मॉनिटरवर एका आडव्या ओळीत ३८४० ठिपके असतात आणि अशा २१६० ओळी असतात. म्हणजे एकूण ८२,९४,४०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग कळविण्यास सामान्यतः २४ बिट लागतात. बिट म्हणजे ० किंवा १ एवढीच खूण. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ६० वेळा संपूर्ण चित्र नव्याने धाडावे लागते. हा सारा गुणाकार केला, तर दर सेकंदास सुमारे १,१९४ कोटी बिट होतात.

विहिरीला पाणी मुबलक असले, तरी पाट एके ठिकाणी अरुंद असल्यास तेथून जाईल तेवढेच पाणी पिकाला मिळते. लॅपटॉपचे पोर्ट, केबल आणि मॉनिटरचे पोर्ट मिळून असाच एक पाट होतो. २००९ साली ठरलेल्या एचडीएमआय १.४ या पद्धतीत चित्रासाठी सेकंदाला फार तर ८१६ कोटी बिट जातात. तेव्हा यंत्रे तडजोड करतात आणि ६० ऐवजी ३०च चित्रे धाडतात. बाण अडखळतो तो यामुळे. २०१३ च्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १,४४० कोटींची आहे. तेथे साठही चित्रे सुखाने जातात. पंचाईत अशी, की दोन्ही पोर्टांचा आकार हुबेहूब सारखा असतो! यूएसबी-सी या लांबट गोल पोर्टाचीही तीच गत. काहींतून चित्र जाते, तर काहींतून केवळ वीज आणि माहिती. म्हणून नवी खरेदी करण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या माहितीपुस्तिका पाहणे स्वस्त पडते.

जोडणी नीट झाली, तरी एक अडचण उरते. ठिपके दाट असल्याने अक्षरे फार बारीक दिसतात. काही लोक यावर उपाय म्हणून ठिपक्यांची संख्याच कमी करतात. मग एवढ्या ठिपक्यांचे पैसे मोजले कशाला? त्याऐवजी ठिपके तेवढेच ठेवून अक्षरांचा आकार १५० टक्के करावा. मग एकेका अक्षराच्या वाट्याला अधिक ठिपके येतात आणि वेलांटी, रफार, अनुस्वार डोळे न ताणता स्पष्ट वाचता येतात.