इंग्रजी परिच्छेदाची बांधणी आणि मराठी विद्यार्थी

भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी विद्यार्थी एकाच वेळी अनेक भाषांत वावरतो. घरात मराठी, भोवती हिंदी व छत्तीसगढी आणि उच्च शिक्षणाच्या उत्तरपत्रिकेत बहुधा इंग्रजी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथील मराठीला जुनी परंपरा आहे. अशा विद्यार्थ्याचे इंग्रजी वाक्य पुष्कळदा निर्दोष असते, परंतु परिच्छेद उभा राहत नाही. त्यावर ‘विचार विस्कळीत आहेत’ असा शेरा पडतो. वस्तुतः उणीव विचाराची नसून मांडणीची असते, आणि हा भेद न ओळखल्यास विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीविषयीच साशंक होतो.

परिच्छेद म्हणजे वाक्यांची केवळ रांग नव्हे. एका विधानाची सिद्धता होय. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश अभ्यासकाने १८६६ साली इंग्रजी रचनेवरील ग्रंथात परिच्छेदाचे नियम सांगितले. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत : आरंभीच्या वाक्याने विषय सूचित व्हावा, परिच्छेदात एकच हेतू असावा आणि प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट असावा.

उदाहरणार्थ, भिलाईच्या पोलाद कारखान्यावर परिच्छेद लिहावयाचा आहे. ‘भिलाईची जागा पोलादनिर्मितीस अनुकूल होती’ हे सूत्रवाक्य घेतले, तर दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी, तांदुळा जलाशयाचे पाणी आणि मुंबई-हावडा लोहमार्ग ही चारही वाक्ये त्याखाली येतात. आधी कच्चा माल, मग पाणी, शेवटी वाहतूक असा क्रमही ठरतो. परंतु १९५५ चा सोव्हिएत संघाशी झालेला करार आणि १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन, या गोष्टी सत्य व महत्त्वाच्या असूनही तेथे बसत नाहीत. त्यांचा परिच्छेद वेगळा. खरी माहितीही प्रसंगी वगळावी लागते, हाच या पाठातील कठीण भाग होय.

ही शिस्त मराठीला सर्वस्वी परकी आहे काय? मोडी लिखाणात शब्द सलग लिहिले जात आणि विरामचिन्हे नसत. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जाऊ लागला. मेजर कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे आहे. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त मराठी निबंधाला प्रौढ रूप आले. बेनच्या ग्रंथानंतर अवघ्या आठ वर्षांनी ही माला सुरू झाली, हे लक्षात घेतले तर परिच्छेदाविषयीची जाणीव दोन्ही भाषांत फार प्राचीन नाही असे दिसते.

मांडणीचा क्रम मात्र भारतीय अभ्यासकाला चांगलाच परिचित आहे. न्यायशास्त्रातील पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असा क्रम असतो. प्रतिज्ञा प्रथम येते. सूत्रवाक्याचे स्थानही तेच. हेतू व उदाहरण यांनी परिच्छेदाचे शरीर बनते. फरक इतकाच की, निगमनात प्रतिज्ञेचाच पुनरुच्चार होतो, तर परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्याने मूळ विधान सिद्ध झालेल्या रूपात थोडे पुढे न्यावे लागते.

यावरून अध्यापनाची दिशा स्पष्ट होते. केवळ सुट्या वाक्यांच्या भाषांतराने वाक्य येते, परिच्छेद येत नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम मराठी निबंधातील एखादा परिच्छेद घेऊन त्यातील प्रतिज्ञा शोधावी, इतर वाक्यांचे तिच्याशी नाते सांगावे, नाते नसलेले वाक्य बाजूस काढावे आणि त्यानंतरच त्याच विषयावर इंग्रजीत लिहावे. मातृभाषेत एकदा ओळखलेली शिस्त परभाषेत नव्याने शिकावी लागत नाही. तेथे शिकावयाचे उरतात ते शब्द.