टबातलं कमळ: आधी जगवा, मग विका

कमळाच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सारखा येतोय, "सर, एका टबात किती सुटतात?" सांगतो. पण आधी माझा तोटा ऐका.

पहिल्या वर्षी मी १५० रुपयांना एक असे २० कंद आणले. खाली भरपूर शेणखत घातलं. १४ कंद कुजले. आता हिशोब करा: ३,००० रुपयांत ६ रोपं, म्हणजे एक रोप ५०० ला पडलं. टब, माती वेगळीच. आणि मी विकत होतो ३०० ला!

म्हणून आधी पद्धत नीट शिका.

१. टब: पसरट, दीड-दोन फूट रुंद, तळाला भोक नसलेला.

२. माती: चिकणमाती, निम्म्या टबापर्यंत. कोकोपीट नको, ते तरंगतं.

३. कंद: फेब्रुवारी-मार्चमध्ये आडवा लावा. कोंब मातीच्या वर राहू द्या, मोडू देऊ नका.

४. पाणी: सुरुवातीला मातीवर २-३ इंच. पानं वाढतील तसं वाढवा.

५. खत: सुरुवातीला अजिबात नको. आधी तरंगती पानं येतात. नंतर पाण्याबाहेर ४-५ पानं उभी राहिली, की थोडं खत कागदात गुंडाळून कंदापासून लांब, मातीत खोचा.

६. देखभाल: डासांसाठी गप्पी मासे सोडा. पिवळं पान पाण्याच्या वरच कापा. देठ पोकळ असतो, आत पाणी शिरलं तर कूज लागते.

आता विक्री. एका ताईंनी माझ्याकडून रोप नेलं, पण त्यांच्या बाल्कनीत ऊनच नव्हतं. फूल आलं नाही, ताई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं. आता पैसे घेण्याआधी विचारतो, "थेट ऊन किती तास?" पाच-सहा तासांपेक्षा कमी असेल तर कमळ विकत नाही.

अजून दोन गोष्टी गिऱ्हाइकाला आधीच सांगा. थंडीत पानं वाळतात, पण कंद मातीत जिवंत असतो, टब रिकामा करू नका. आणि बियांपासून केलेलं रोप अमुक जातीचं म्हणून विकू नका. बियांतून मूळ झाडासारखंच फूल येईल याची खात्री नसते, कंदातून येतं.

आजचा गृहपाठ: पाचच टब लावा. वहीत लिहा, किती लावले, किती जगले, एकूण खर्च किती. खर्चाला जगलेल्या रोपांनी भागा. तो आकडा हातात आल्याशिवाय भाव सांगायचा नाही. चला, कामाला लागा!