जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स : खाली उतरवण्यापूर्वी

कुवेत, सौदी अरेबिया आणि अमिरातीत रत्नागिरी-रायगडकडचे आपले अनेक बांधव गॅरेजच्या कामात, ड्रायव्हिंगमध्ये व छोट्या मालवाहतुकीत आहेत. मालवाहतुकीला हाताच्या गिअरच्या जपानी पिकअप अधिक चालतात. परंतु अडीच-तीन लाख किलोमीटर धावलेली एखादी अमेरिकन सिएरा किंवा सिल्वराडो स्वस्तात समोर आली की मोह होतो. या गाड्यांचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि त्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीजवळ जाऊन बसतो. गाडी दारात उभी असल्याने बुडणारा धंदा वेगळाच.

जनरल मोटर्सच्या हलक्या पिकअपमध्ये १९९३ पासून पुढे बरीच वर्षे फोर एल सिक्स्टी-ई नावाचा चार गिअरचा बॉक्स बसत असे. आम्ही त्याच्यापुरतेच बोलत आहोत. यात ऑइलच्या दाबाने क्लच प्लेटी आवळल्या जातात आणि कोणता गिअर केव्हा लागायचा हे कॉम्प्युटर विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमार्फत ठरवतो. म्हणजे बिघाड ऑइलचा असेल, विजेचा असेल किंवा आत काही जळले-तुटले असेल. मालकाला तिन्ही सारखेच दिसतात आणि तिन्हींवर गॅरेजात एकच निकाल मिळतो : ‘बॉक्स गेला.’

हा निकाल मान्य करण्याआधी एवढेच पाहावे की नेमका कोणता गिअर गेला आहे. गाडी जागेवरून जड उठते, जणू तिसऱ्या गिअरमध्येच निघाली आहे, रिव्हर्स लागतो पण धक्का देऊन लागतो, अशी लक्षणे असतील तर बॉक्सची वीज तुटल्याचा संशय घ्यावा. वीज गेली की हा बॉक्स मुद्दामच तिसऱ्या गिअरवर राहतो आणि ऑइलचा दाब पूर्ण वाढवतो, जेणेकरून गाडी घरापर्यंत यावी. तेव्हा आधी फ्यूज पाहावा, मग बॉक्सच्या बाजूचा गोल कनेक्टर व त्याच्या वायरी. एका फ्यूजसाठी बॉक्स खाली उतरवू देऊ नये.

पहिला व तिसरा गिअर ठीक, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गायब, असे झाले तर आतील सनशेल नावाचा पत्र्याचा भाग तुटला असे बहुधा समजावे. या बॉक्सचे हे जुनेच दुखणे आहे. भाग स्वस्त, मजुरी महाग, कारण बॉक्स उतरवावाच लागतो. नवा टाकताना कडक केलेला टाकावा. याउलट पहिला, दुसरा व रिव्हर्स चांगले आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन नुसतेच ओरडते, गाडी पुढे सरत नाही, तर तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटी जळाल्या आहेत.

चौथा प्रकार फसवा असतो. मोठ्या रस्त्यावर एका वेगाने चालताना इंजिनचे फेरे आपोआप वर-खाली होतात आणि काही दिवसांनी गिअर आपटून पडू लागतात. स्कॅनर लावला की पी १८७० हा कोड दिसतो, नंतरच्या वर्षांच्या गाड्यांत पी ०८९४. पुष्कळदा व्हॉल्व्ह बॉडीतील एका व्हॉल्व्हचे भोक झिजलेले असते आणि ते काम खालचे पॅन काढून, बॉक्स जागेवर ठेवूनच होते. मात्र फार दिवस तसेच चालवले तर प्लेटीही जातात. स्कॅनर आता इतका स्वस्त झाला आहे की गॅरेजवाल्या बांधवाकडे तो नसणे आम्हाला पटत नाही.

ऑइलबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जुन्या बॉक्समध्ये नवे ऑइल टाकले की बॉक्स मरतो, असे ठामपणे सांगितले जाते. आम्हीही एकदा तिसऱ्या गिअरला घसरणाऱ्या गाडीचे सर्व ऑइल मशीनने बदलून घेतले. आठवडाभरात चौथा गिअर गेला आणि आम्ही ऑइललाच दोष देत बसलो. खरे म्हणजे प्लेटी आधीच जळाल्या होत्या, ऑइलचा वास ते सांगत होता, आम्ही हुंगले नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, ऑइल गरम आणि लीव्हर पार्कवर, अशा स्थितीत काडी काढून पाहावी. लाल असेल तर उत्तम. तपकिरी आणि करपट वासाचे असेल तर नवे ऑइल जळालेली प्लेट परत आणणार नाही. गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरच्या आतील कूलर फुटून पाणी शिरले आहे, गाडी तिथेच बंद करावी. घसरण नसेल आणि करपट वास नसेल, तर पॅन काढून फिल्टर बदलावा व निघेल तेवढेच, साधारण पाच लिटर ऑइल नवे भरावे. पॅनमधील चुंबकावर बारीक करडी भुकटी असतेच. चकत्या किंवा धातूचे तुकडे नसावेत.

गाडी घ्यायला जाताना विकणाऱ्याला इंजिन थंडच ठेवायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी पुष्कळ काही लपवते. थंड असताना रिव्हर्स व डी एक-दोन सेकंदांत पकडले पाहिजेत. मग अर्धा तास, शक्य तर माल भरून चालवावी, कारण काही बॉक्स गरम झाल्यावरच ऐब दाखवतात. ज्याला स्वतःच्या गाडीचा ऐब माहीत आहे त्याने तो सांगूनच सौदा करावा.

बॉक्स बांधायचाच ठरला तर कुवेतमधील शुवैख किंवा शारजाच्या औद्योगिक भागात जुना बॉक्सही मिळतो. पण सालागणिक कनेक्टर, कन्व्हर्टर व पुढचे आवरण बदललेले आहे, तेव्हा गाडीचे साल व इंजिन सांगूनच घ्यावा. नवा बांधला तरी कन्व्हर्टर बदलावा आणि कूलर व त्याच्या नळ्या धुवाव्यात. जुन्या बॉक्सचा कचरा तिथे बसलेला असतो व नव्यात उतरतो. आखातातील उन्हाळ्यात वेगळा ऑइल कूलर बसवणे परवडते. माल भरलेला असताना किंवा चढावर लीव्हर ३ वर ठेवावा, म्हणजे चौथा गिअर सारखा लागून-सुटून ऑइल तापत नाही. बिलावर बॉक्सचा नंबर, किलोमीटर, कन्व्हर्टर नवा की जुना आणि कूलर धुतला की नाही, हे लिहून घ्यावे. गॅरेजवाला लिहायला टाळाटाळ करू लागला तर गाडी तिथे सोडू नये.