पंप वरच्या खिशात

यावल-रावेर पट्ट्यात दमा नवा नाही. जिनिंगची रुई, मळणीचा भुसा, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, सगळं आहेच. पण फैजपूरच्या दमेकऱ्याला धापेइतकंच खुपतं ते बोलणं: ‘एवढ्या वयात पंपावर?’ मग लाजेनं पंप (इनहेलर) लपतो, डोस चुकतो, चारचौघांत धाप लागते आणि लाज दुणावते.

काय करावे

• पंप वरच्या खिशात ठेवावा, दप्तराच्या तळाशी नाही. गरज पडली की सगळ्यांसमोर घ्यावा.

• ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ म्हणणाऱ्या काकांना हिशोब सांगावा. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. फवारा थेट श्वासनळ्यांत जातो, गोळी अंगभर फिरते आणि हात थरथरवते.

• रोजचा पंप आणि तातडीचा पंप यांतला फरक घरच्यांनाही शिकवावा. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप मनानं बंद करू नये. स्टेरॉइडचा असेल तर घेतल्यावर चूळ भरावी.

• खेळावं. पॉला रॅडक्लिफला लहानपणापासून दमा. २००३ मध्ये लंडनला तिनं २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून विश्वविक्रम केला. आपल्याला मनुदेवीच्या देवळापर्यंत चालत गेलं तरी पुरे. आधी अंग हळूहळू गरम करावं. खेळण्याआधी पंप घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारावं.

• लग्न ठरताना सांगावं, आणि मुलीनं स्वतः सांगावं, मावशीनं कोपऱ्यात नेऊन नव्हे. लपवून लग्न झालं की नवी सून न्हाणीघरात नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, पंप ओढते. हे किती दिवस चालणार? मुलाच्या दम्याबद्दल मात्र कुणी विचारतही नाही. मुलीकडच्यांनी बेधडक विचारावं.

काय टाळावे

• ‘त्याला दम लागतो, त्याला खेळायला घेऊ नका,’ हे पोरासमोर बोलणं. पुढच्या वेळी तो स्वतःच मैदानाच्या कडेला बसतो.

• ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य. श्वासनळ्यांची सूज मनाची नसते. धाप लागेल या भीतीनं बाहेर पडणंच बंद झालं, झोप उडाली, तर तेही डॉक्टरांना सांगावं. ते लाड नव्हेत.

• मृगाला हैदराबादला दम्यावरच्या माशाच्या प्रसादाला जायचं तर खुशाल जावं, पण पंप घरी ठेवून जाऊ नये.

• भरीत पार्टीला ‘नको, मला त्रास होतो’ म्हणून घरी बसणं. वांगी भाजेपर्यंत वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावं, पानं मांडली की यावं. काड्या पेटवण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, आणि कळण्याची भाकरी सोडू नये.

• मांडवात धाप लागली तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दात आवळून बसणं. ताठ बसून तातडीचा पंप स्पेसरनं (पंपाला जोडायच्या नळीनं) घ्यावा. उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मंगलाष्टकं चालू असली तरी १०८ ला फोन लावावा.