ढिगाऱ्यावरचे नगर

वाचन : यहोशवा ११:१०-१३, यिर्मया ३०:१८-२२

पवित्र शास्त्रातील डोंगर म्हटले की सीनाय, कर्मेल, सियोन, जैतुनांचा डोंगर ही नावे आपल्या मनात येतात. हे डोंगर निसर्गाने उभे केलेले आहेत. परंतु शास्त्रात आणखी एका प्रकारच्या टेकडीचा उल्लेख आहे. ही टेकडी माणसांच्या वस्तीने घडविलेली असते. तिला इब्री भाषेत ‘तेल’ म्हणतात. आपल्या वाचनातील दोन्ही उताऱ्यांत हाच शब्द आहे; आणि यहेज्केल ज्या बंदिवानांमध्ये जाऊन राहिला त्यांच्या गावाच्या नावातही, म्हणजे तेल-अबीब (यहेज्केल ३:१५) यातही, तो आढळतो.

तेल म्हणजे काय?

महाराष्ट्रातील खेडुताला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरे बांधली जातात, पडतात, पुन्हा बांधली जातात. मातीच्या भिंती, चुलीची राख, फुटकी खापरे, जनावरांची हाडे एकावर एक साचत जातात. त्यामुळे तेथील माती राखेसारखी पांढुरकी होते आणि जागा उंचावते. नदीकाठी असे टेकाड दिसले की तेथे पूर्वी गाव नांदत होते असे समजावे.

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) नेवासे येथे प्रवरेच्या काठी डॉ. हसमुख सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले, तेव्हा अशाच टेकाडातून ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उघड झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८२ पर्यंत उत्खनन केले. तेथील सर्वांत खालची वस्ती इ. स. पू. १६०० च्या सुमाराची, तर शेवटची इ. स. पू. १००० ते ७०० या काळातील आहे. म्हणजे दावीद यरुशलेमेत राज्य करीत होता आणि पुढे यशया संदेश देत होता, तेव्हा आपल्या मातीत माणसे चुली पेटवीत होती. त्यांची बालके मरण पावली की ती त्यांना दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि आपल्याच घराच्या जमिनीखाली पुरीत. आईबापांचे दुःख त्या थरात अजून जसेच्या तसे आहे.

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये, दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयाच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला मात्र हुगळीच्या गाळाची सपाट भूमीच दिसते. टेकडी कोठे शोधावी असे त्याला वाटेल. परंतु कोलकात्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, बेडाचाँपाजवळ चंद्रकेतुगड आहे. तेथील ‘खना-मिहिरेर ढिपी’ नावाच्या टेकाडाचे कोलकाता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने १९५६ नंतर उत्खनन केले आणि एका प्राचीन नगराचे अवशेष प्रकाशात आले.

शास्त्रातील टेकड्या काय सांगतात?

पॅलेस्टाईनमध्ये या शास्त्राचा पाया फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० मध्ये तेल एल-हेसी येथे घातला. प्रत्येक थरातील खापरे निराळी असतात आणि त्यांवरून थराचा काळ ठरविता येतो, हे त्यांनी दाखविले. मगिद्दो येथे वस्तीचे वीसहून अधिक थर सापडले. प्रकटीकरण १६:१६ मधील ‘हर्मगिदोन’ या नावाचा अर्थ सामान्यतः ‘मगिद्दोचा डोंगर’ असा घेतला जातो.

यहोशवा ११:१३ मध्ये लेखकाने एक बारीक नोंद केली आहे : आपापल्या टेकड्यांवर उभ्या असलेल्या नगरांपैकी इस्राएलाने हासोराखेरीज एकही जाळले नाही. यिगाएल यादीन यांनी १९५५ पासून हासोर येथे उत्खनन केले, तेव्हा इ. स. पू. तेराव्या शतकातील भयंकर आगीचा थर आढळला. ती आग कोणी लावली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आग लागली होती याविषयी नाहीत.

लाखीश याहून अधिक बोलके आहे. सन्हेरीबाने इ. स. पू. ७०१ मध्ये ते जिंकले (२ राजे १८:१३-१४). त्या वेढ्याची शिल्पे निनवे येथील त्याच्या राजवाड्यात सापडली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे बाबेलच्या सैन्याने लाखीश जाळले. त्या राखेच्या थरात, वेशीजवळच्या खोलीत, १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरे मिळाली. त्यांपैकी एकात एक अधिकारी कळवितो की, आम्ही लाखीशाच्या अग्निसंकेतांकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका आम्हांला दिसत नाही. आता यिर्मया ३४:७ उघडून पाहा. तेथे हीच दोन नगरे एकत्र येतात.

यरीहोचा प्रश्न

येथवर वाचून आपल्याला आनंद होईल. परंतु प्रामाणिक अभ्यासकाने यरीहोपाशीही थांबले पाहिजे. जॉन गारस्टँग यांनी १९३० ते १९३६ मध्ये तेथे खोदकाम केले आणि यहोशवाच्या काळी पडलेला तट सापडल्याचे जाहीर केले. अनेक उपदेशकांनी ही बातमी व्यासपीठावरून सांगितली. मग १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनियन यांनी अधिक काटेकोर पद्धतीने ते थर तपासले. तो तट यहोशवाच्या सुमारे हजार वर्षे आधीचा आहे, आणि यहोशवाच्या काळी तेथे मोठे तटबंदीचे नगर असल्याचा पुरावा मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. तथापि बहुसंख्य पुरातत्त्वज्ञ केनियन यांचे मत मान्य करतात.

मग ज्याने आपला विश्वास गारस्टँग यांच्या तटावर उभारला होता, त्याने काय करावे? केनियन यांना विश्वासाचे शत्रू ठरवावे काय? तसे करणे सत्याशी अप्रामाणिकपणा होईल, आणि आपला प्रभू स्वतः सत्य आहे. उलट, तटाबरोबर विश्वासही टाकून द्यावा काय? तसेही नव्हे. ज्या टेकडीचा काही भागच खोदला गेला, जिचे वरचे थर पावसाने वाहून गेले, तिच्याकडून शेवटच्या शब्दाची अपेक्षा करू नये. लाखीशाने आपल्याला बळ दिले, यरीहोने नम्रता शिकविली. दोन्ही आपल्याला हवीत. पौलाने मंडळीचा पाया म्हणून कोणत्याही तटाचे नाव घेतले नाही. येशू ख्रिस्ताखेरीज दुसरा पाया कोणी घालू शकत नाही, असेच त्याने लिहिले (१ करिंथ ३:११).

टेकडीवर पुन्हा नगर

आता यिर्मयाकडे वळू. लाखीश जळत असता जो संदेष्टा जिवंत होता, त्याच्याच मुखाने देव सांगतो की, नगर आपल्याच टेकडीवर पुन्हा बांधले जाईल. या वचनातील शब्द तोच, ‘तेल’. देव आपल्या लोकांसाठी नवी, कोरी जागा शोधीत नाही. जेथे राख आहे, मोडलेली भांडी आहेत, पूर्वजांची पापे आणि पुरलेली बालके आहेत, तेथेच तो पुन्हा बांधतो. हे काम सोपे नव्हते. नहेम्याच्या वेळी ओझेकऱ्यांची शक्ती खचली, कारण मातीचे ढिगारे फार होते (नहेम्या ४:१०). तरी तट पुरा झाला.

वाचकहो, आपल्याही जीवनात असे थर आहेत : मोडलेला संसार, दुभंगलेली मंडळी, तरुणपणीचे अपयश. ते उकरून कोठे नेऊन टाकावेत असे आपल्याला वाटते. देव मात्र त्याच टेकडीवर उभा राहून बांधावयास सांगतो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळ जुनी पांढरी आहे काय? तिची माती किंवा विटा वाहून नेल्या जात असतील, तर जतनासाठी आपण काय करू शकतो?
२. यहोशवा ८:२८ आणि यिर्मया ३०:१८ ताडून पाहा. दोन ढिगाऱ्यांच्या शेवटात कोणता फरक आहे?
३. माझा विश्वास एखाद्या ‘पुराव्यावर’ उभा आहे की ख्रिस्तावर?
४. कोणत्या ढिगाऱ्यावर देव मला आज बांधावयास सांगत आहे?